चित्रात धुराची चादर, बाहेर मात्र लख्ख! उपग्रहाच्या चित्रातला धूर आणि धूळ ओळखायची कशी?

भिंगरी | मंगळवार, रात्री ९:४०

गेले दोन महिने रोज रात्री जेवणं आटोपली की मी नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रह-चित्रांच्या संकेतस्थळावर जगभर हिंडून येते. कुठे वणवा लागलाय, कुठे धूळ उडालीये, बघत बसते. घरचे म्हणतात, एखादी मालिका बघितली असतीस तर निदान चार लोकांत बोलायला विषय मिळाला असता. असो.

परवा दुपारच्या चित्रात आमच्या भागावर करडी-पांढरी चादर पसरलेली दिसली. दोनेकशे किलोमीटरवर लाल ठिपक्यांचा, म्हणजे आगीच्या खुणांचा, एक पुंजका. मी दोन अधिक दोन चार केले आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, "वणव्याचा धूर आपल्यावर आलाय, खिडक्या लावून घ्या, वयस्कर मंडळींनी बाहेर पडू नका." सोबत चित्र. अर्ध्या तासात एकाने त्याच्या हवा मोजायच्या डबीचा फोटो टाकला. पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा: १२. म्हणजे हवा स्वच्छ. पुढे काय झालं ते सांगायला नको. तेव्हापासून जिन्यात भेटेल तो विचारतोय, "काय, आज धूर कुठवर आला?"

पण एक गोष्ट राहून राहून खटकते. त्या संध्याकाळी सूर्य क्षितिजाच्या चांगला वर असतानाच तांबडालाल आणि मंद झाला होता. नेहमीच्या मावळतीसारखा नाही, जुन्या तांब्याच्या नाण्यासारखा. म्हणजे वर काहीतरी होतंच ना? तो धूर होता, धूळ होती, की नुसते पातळ ढग? हे चित्रावरून ओळखायचं कसं? जाणकारांनी सांगा. हसणाऱ्यांनी आधी हसून घ्या, मग सांगा.

सांजवेळ | मंगळवार, रात्री १०:०५

वाचतेय. मलाही हा नाद आहे, पण मी फक्त सुंदर चित्रं गोळा करते. समजत काही नाही.

नकाशेवाला | मंगळवार, रात्री ११:१८

भिंगरीताई, तुमचं निम्मं बरोबर असावं. जिन्यातल्यांना तेवढं सांगायला हरकत नाही.

उपग्रह वरून खाली बघतो, म्हणजे जमिनीपासून वातावरणाच्या टोकापर्यंत वाटेत जे येईल ते एकावर एक दाबून एकाच चित्रात उमटतं. पिंपातल्या पाण्याकडे वरून बघावं तसं. पाणी गढूळ आहे एवढं कळतं, पण गाळ तळाशी बसलाय की मध्येच तरंगतोय ते कळत नाही. तुमची ती डबी तळाचं पाणी मोजते. चित्र खोटं नव्हतं, डबीही खोटी नव्हती. दोघांना वेगवेगळा प्रश्न विचारला होता.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण ९ सप्टेंबर २०२० चं सॅन फ्रान्सिस्को. वणव्यांच्या धुराने भर दिवसा आकाश नारिंगी, दुपारी दिवे लावावे लागले. पण खाली समुद्रावरून आलेल्या थंड हवेचा थर होता आणि धूर त्याच्या वर अडकला होता. जमिनीवरच्या हवेचे आकडे त्या दिवशी आकाशाच्या मानाने बरेच बरे होते. पुढच्या दिवसांत धूर खाली उतरला तेव्हा आकाश कमी भयंकर दिसत होतं आणि हवा मात्र जास्त वाईट होती! याच्या उलट ७ जून २०२३ चं न्यूयॉर्क. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर थेट जमिनीलगत उतरला, आकाशही नारिंगी आणि नाकातही धूर.

वर्ल्डव्ह्यूमध्ये एओडी नावाचा थर असतो, हवेतले कण प्रकाश किती अडवतात त्याचा आकडा. तोही अख्ख्या उभ्या खांबाचाच हिशेब. ०.१ च्या आसपास म्हणजे स्वच्छ, १ च्या वर गेला की दाट. पण खांबातला माल कुठल्या मजल्यावर ठेवलाय ते तो सांगत नाही.

तुमचा तांबडा सूर्य हा चांगला पुरावा आहे. धुराचे कण बारीक, बहुतेक एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) लहान. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, उरतो तो तांबडा. पातळ ढगातले बर्फाचे कण त्यामानाने धोंडेच, ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ढगाआडचा सूर्य पांढुरका दिसतो. तेव्हा वर धूर होता असं मी तरी म्हणेन.

लाल ठिपक्यांबद्दल मात्र मला शंका आहे. त्याबद्दल उद्या लिहितो, आता डोळे मिटतायत.

उंटावरून | बुधवार, सकाळी ७:३०

आयडी माझा उंटावरून, पण शेळ्या हाकताय तुम्ही लोक, तेही शेकडो किलोमीटर उंचीवरून! नाकासमोर काय आहे ते बघायला आकाशात जायचं, आणि तिथून उत्तर यायचं की "वर धूर आहे, खाली माहीत नाही." डबी स्वस्त, दर मिनिटाला आकडा. शिवाय वर्ल्डव्ह्यूचं चित्र दिवसातून एक-दोनदाच. दुपारी दीडला उपग्रह गेला आणि आग तीनला लागली, मग?

नकाशेवाला | बुधवार, सकाळी ९:१०

शेवटचा मुद्दा अगदी रास्त आहे, तेवढा पदरात घेतो. वर्ल्डव्ह्यूला चित्रं देणाऱ्या उपग्रहांपैकी टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा, अॅक्वा दुपारी दीडच्या. दोघेही आता म्हातारे झालेत (टेरा १९९९ चा, अॅक्वा २००२ चा). इंधन वाचवायचं म्हणून त्यांची कक्षा राखणं थांबवलंय, त्यामुळे टेरा हळूहळू लवकर येऊ लागलाय आणि अॅक्वा उशिरा. व्हीआयआयआरएस उपकरण असलेले सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ हेही दीडच्याच आसपासचे. शेतातली आग कुणी मुद्दाम उशिरा लावली तर या सगळ्यांच्या नजरेतून ती सुटू शकते. नुसते ठिपके मोजून "यंदा आगी कमी झाल्या" म्हणणाऱ्या बातम्या वाचताना मी म्हणूनच आधी विचारतो, मोजलं किती वाजता?

आता ठिपके. ठिपका म्हणजे ज्वाळेचा फोटो नव्हे. सुमारे चार मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात एखादा पिक्सेल आजूबाजूच्या पिक्सेलपेक्षा फार तापलेला दिसला की गणित त्याला आग ठरवतं. हा पट्टा निवडला त्याला कारण आहे. साध्या जमिनीचं प्रारण दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त असतं, ज्वाळांचं तीन-चारच्या. त्यामुळे इथे आग अतोनात चमकते. टेरा आणि अॅक्वावरच्या मोडिस या उपकरणाचा आगीचा पिक्सेल एक किलोमीटरचा, तरी त्यात हजारेक चौरस मीटरची आग असली तर सहसा पकडली जाते. म्हणजे पिक्सेलचा हजारावा भाग!

पण तापलेलं सगळंच वणवा नसतं. तेलविहिरींवर जाळला जाणारा वायू, पोलाद कारखाने, ज्वालामुखी, कधी तापलेली छपरंसुद्धा ठिपका देतात. आणि ठिपका काढतात पिक्सेलच्या मध्यावर, आगीच्या जागेवर नाही. एकाच्या गोठ्यावर ठिपका आला म्हणून तो घाबरून धावत गेला होता. आग शेजारच्या टेकडीमागे होती.

भिंगरीताई, एक करा. तोच पुंजका महिन्याभरापूर्वीच्या तारखेला, रात्रीच्या ठिपक्यांत बघा. तेव्हाही तिथेच असेल तर तो वणवा नाही.

रानवारा | बुधवार, दुपारी १:०२

मी धुळीच्या बाजूचा माणूस, उशिरा आलो.

उंटावरून, "दिवसातून एकदा" ही तक्रार भूस्थिर उपग्रहांना लागू नाही. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून ते एकाच भागाकडे टक लावून बसलेले असतात. अमेरिकेवर गोज, युरोप-आफ्रिकेवर मेटिओसॅट, पूर्व आशिया-ऑस्ट्रेलियावर हिमावारी, मधल्या पट्ट्यावर इन्सॅट आणि ४५.५ अंश पूर्वेला सरकवून ठेवलेला एक मेटिओसॅट. हिमावारी आणि गोज दर दहा मिनिटांनी पृथ्वीची अख्खी तबकडी टिपतात. चित्र जाडंभरडं असतं, पण हलतं. आणि माझ्या मते हलणं हीच सगळ्यांत मोठी ओळख. स्थिर चित्रात ढग, धूर, धूळ, धुकं सगळे एकाच गोधडीचे तुकडे वाटतात. लूप चालवा. ढग जन्मतात, फुगतात, विरतात. धुकं दरीत बसून राहतं आणि ऊन चढलं की कडेकडेने आटत जातं. धूर एका टोकाला खिळलेला आणि दुसऱ्या टोकाला लांबत जाणारा. धूळ बहुतेकदा एका ओळीतल्या पाच-सात जागांवरून एकदम सुटते, समांतर पट्टे काढत, कुणी कंगवा फिरवावा तशी. त्या जागा म्हणजे आटलेली सरोवरं, नद्यांची कोरडी पात्रं.

रंगावर मात्र फार विसंबू नका. धूळ तपकिरी आणि धूर करडा हे पुस्तकी. चाडमधल्या बोडेले खोलगटातली धूळ पांढुरकी असते, कारण तो एका प्राचीन प्रचंड सरोवराचा तळ आहे आणि तिथली माती म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांचे सांगाडे. पहिल्यांदा मी त्याला ढगच समजलो होतो. उलट जुना, दाट धूर तपकिरी झालेला मी कित्येकदा बघितलाय.

मग धुळीसाठी काय? डस्ट आरजीबी, म्हणजे धूळ उठून दिसावी म्हणून अवरक्त पट्ट्यांतून रंगवलेलं चित्र. नावाला भिऊ नका. मातीतले सिलिकेट कण १०.८ मायक्रॉनला जास्त शोषतात आणि १२ ला कमी. पातळ बर्फाळ ढगाचं नेमकं उलट. या दोन पट्ट्यांतली वजाबाकी करून ती लाल रंगात भरतात, १०.८ आणि ८.७ ची वजाबाकी हिरव्यात, आणि नुसतं १०.८ चं तापमान निळ्यात. धूळ भडक गुलाबी-जांभळी उमटते, सिरस, म्हणजे उंचावरचे पातळ बर्फाळ ढग, काळपट, उंच जाड ढग विटकरी. ही अवरक्त करामत असल्याने रात्रीही चालते. जून २०२० मध्ये सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियनवर गेली तेव्हा मी रात्र-रात्र तो गुलाबी पट्टा सरकताना बघत होतो. सकाळी डोळेही त्याच रंगाचे.

भिंगरी | बुधवार, दुपारी २:२०

रानवारा, कंगव्याची उपमा भारी. मग डस्ट आरजीबीत धूर कुठल्या रंगात दिसतो?

रानवारा | बुधवार, दुपारी २:३१

दिसतच नाही. हीच तर गंमत. धुराचे कण इतके बारीक की दहा मायक्रॉनच्या लाटांना ते जवळपास आरपार. म्हणून साध्या चित्रात दाट चादर आणि डस्ट आरजीबीत त्याच जागी काहीच नाही, असं दिसलं तर धुराकडे झुकायला जागा आहे. गुलाबी दिसलं तर धूळ. काळपट दिसलं तर सिरस.

नकाशेवाला | बुधवार, दुपारी ३:४५

याच आरपारपणाचा दुसरा उपयोग. मोडिसचं ७-२-१ पट्ट्यांचं चित्र लावा. त्यात सातवा पट्टा २.१ मायक्रॉनचा, तोही धुराला फारसा जुमानत नाही. वनस्पती झगझगीत हिरव्या, जळालेली जमीन तांबूस-विटकरी, आणि साध्या चित्रात ज्या धुराखाली काहीच दिसत नव्हतं तो इथे निळसर मलमलीसारखा. पडद्यामागचं दिसतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या अशाच पट्ट्यांत तर आगीची धगधगती कडा वीस मीटरपर्यंत बारकाईने दिसते, फक्त तो तुमच्या जागेवर रोज येत नाही.

सांजवेळ | बुधवार, सायंकाळी ६:५०

एक बाळबोध शंका. धूळ रात्री दिसते, मग धूर रात्री अजिबातच दिसत नाही का? रात्रीच्या चित्रात गोजवर शहरांचे दिवे मात्र छान दिसतात.

नकाशेवाला | बुधवार, रात्री ८:१५

शंका बाळबोध नाही. आधी दिव्यांचं सांगतो. गोजच्या जिओकलर चित्रातले शहरांचे दिवे त्या रात्रीचे नसतातच! ती पार्श्वभूमीला चिकटवलेली जुनी स्थिर प्रतिमा आहे. "वादळात शहर काळोखात बुडालं का" ते त्यावरून शोधणारे लोक मी पाहिलेत.

खरा रात्रीचा प्रकाश टिपतो व्हीआयआयआरएसचा दिवस-रात्र पट्टा. पौर्णिमेच्या आगेमागे चंद्रप्रकाशात त्याला धूर दिसतो, आणि ज्वाळाही. अमावास्येला फक्त ज्वाळा. बाकी अवरक्तात रात्रीचा धूर हरवतो. संध्याकाळी शेवटचं टोक कुठे होतं ते टिपून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा गाठायचं.

धुळीचीही रात्री एक खोच आहे. जमीन थंड पडली की जमिनीलगतच्या धुळीचं आणि जमिनीचं तापमान सारखं होत जातं, आणि गुलाबी रंग फिका पडतो. धूळ गेली असं वाटतं, ती तिथेच असते. हवेत बाष्प फार असलं तरी हाच घोळ. रानवारा, बरोबर ना?

रानवारा | बुधवार, रात्री ८:४०

अगदी. आणि गडगडाटी पावसाच्या ढगातून कोसळणारी थंड हवा जी धुळीची भिंत उठवते, ती बऱ्याचदा त्याच ढगाच्या छत्रीखाली लपते. तिथे वरून बघणारा आंधळा.

उंटावरून | बुधवार, रात्री ९:०५

बरं, मानलं. पण मूळ प्रश्न तसाच की. मजला कोणता? त्याशिवाय खिडकी लावायची की नाही कसं ठरवणार?

नकाशेवाला | बुधवार, रात्री १०:३०

मजल्याचं थेट उत्तर लेझरवाले उपग्रह देतात. कॅलिप्सो २००६ पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत लेझरची किरणं खाली सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून थरांची उंची मोजत होता. सहाराची किती धूळ अटलांटिकपार जाते त्याचा हिशेब त्याच्याच २००७ ते २०१३ च्या नोंदींवरून झाला. वर्षाला सरासरी सुमारे २.७७ कोटी टन धूळ अॅमेझॉनच्या खोऱ्यात पडते आणि तिच्याबरोबर सुमारे २२ हजार टन फॉस्फरस. बोडेलेची ती पांढरी माती तिकडच्या झाडांचं खत! आता मे २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअरवर तसं लेझर आहे. पण ते पडद्यासारखा एक अरुंद उभा काप घेतं. तुमच्या डोक्यावरून तो काप त्याच दिवशी गेला तर नशीब.

रोजच्या वापराला अतिनील एरोसॉल निर्देशांक बघा (एरोसॉल म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण). त्याची जन्मकथा मजेशीर आहे. १९७८ साली निम्बस-७ वर ओझोन मोजायला टॉम्स नावाचं उपकरण गेलं. ओझोनच्या गणितात जे उरतं, बसत नाही, त्यात पुढे धूर आणि धूळ सापडली. उष्ट्यातून पक्वान्न! आज सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी उपकरण तेच बारकाईने करतं. प्रकाश शोषणारे कण यात उठून दिसतात, खाली ढग असले तरी, पांढरंफटक वाळवंट असलं तरी. आणि थर जितका उंच तितका आकडा चढतो. जमिनीलगतचा धूर यात फारसा दिसत नाही. म्हणून हा निर्देशांक भरपूर आणि डबीवर १२, तर माल वरच्या मजल्यावर.

किती वर जाऊ शकतो? २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांनी स्वतःचे गडगडाटी ढग उभे केले आणि त्यांनी धूर थेट स्थितांबरात ढकलला. त्यातला एक भोवरा उन्हाने तापून वर चढत सुमारे ३५ किलोमीटरपर्यंत गेला. तिथे कुठली खिडकी!

तेव्हा खिडकीसाठी डबीच, उंटावरून. ती आता काय आहे ते सांगते, चित्र उद्या काय येऊ शकतं ते. दाट पट्टा वाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल तर डबीवर लक्ष ठेवायचं.

उंटावरून | बुधवार, रात्री १०:४४

हे आधी सांगितलं असतं तर मी सकाळी इतका वेळ घालवला नसता. :)

भिंगरी | गुरुवार, रात्री ११:२५

तीन तास बसून सगळं पुन्हा तपासलं. लिहिते, कुठे चुकलं तर सांगा.

आधी ठिपके. महिनाभरापूर्वी तिथेच. तीन महिन्यांपूर्वी तिथेच. मागच्या वर्षी, त्याच दिवशी, रात्री, तिथेच! चार ठिपके, एखादा पिक्सेल इकडेतिकडे. त्या जागेवर जाऊन उपग्रहाच्या बारीक चित्रात बघितलं तर टाक्या आणि नळ. म्हणजे माझा वणवा हा वायू जाळणारा धुराडा निघाला. नकाशेवाले, तुमच्या शंकेला नमस्कार.

मग चादर. डस्ट आरजीबीत दक्षिणेकडचा अर्धा भाग काळपट. सिरस. माझ्या चादरीतला निम्मा धूर हा ढग होता. उत्तरेकडच्या अर्ध्या भागात डस्ट आरजीबीत काहीच नाही, पण अतिनील निर्देशांकात पिवळ्या-नारिंगी रंगाची लांब जीभ, बरोबर आमच्यावरून गेलेली. मग भूस्थिर उपग्रहाचा लूप उलटा चालवला. दुपारी ती जीभ जेमतेम दिसते, पण सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी एकदम उठून येते, हे का?

तर ती धरून मागे मागे गेले. रात्री हरवली, आदल्या दिवशी पहाटे पुन्हा सापडली, पुन्हा हरवली. शेवटी दोन दिवस मागे, मोजलं तर जवळपास दीड हजार किलोमीटरवर, एका डोंगराच्या कुशीत ठिपके. आदल्या आठवड्यात तिथे एकही नव्हता. दुपारनंतर त्यातून पांढरा गोळा ढगासारखा वर उसळतो आणि त्याचीच शेपटी होत जाते. तो क्षण मी वीसेक वेळा बघितला.

रानवारा | गुरुवार, रात्री ११:४०

वा! सकाळ-संध्याकाळचं कारण सोपं आहे. खिडकीच्या काचेवरची धूळ कधी दिसते? ऊन समोरून आलं की. बारीक कण प्रकाश पुढच्या दिशेने जास्त फेकतात. सूर्य तिरपा असला की तो प्रकाश उपग्रहाकडे जातो. दुपारी सूर्य उपग्रहाच्या पाठीशी असतो, तेव्हा पातळ धूर जमिनीच्या रंगात विरघळतो.

सांजवेळ | शुक्रवार, सकाळी ८:१०

मी रात्री हे वाचून माझ्या सुंदर चित्रांचा साठा उघडला. "समुद्रावरचा धूर" म्हणून जपलेली आठ चित्रं आहेत. आठही चित्रांत ती रुपेरी पट्टी उपग्रहाच्या फेरीच्या पट्ट्यात साधारण त्याच जागी! वाऱ्याने हलणारा धूर असा कसा वागेल?

नकाशेवाला | शुक्रवार, सकाळी ८:३५

तो सूर्य आहे, सांजवेळ. पाण्यावरून परावर्तित झालेला. चित्रं टाकू नका, सुंदरच आहेत.

भिंगरी | शुक्रवार, दुपारी १२:१५

हे सगळं, ठिपके, सिरस, दीड हजार किलोमीटर, लूपसकट, काल रात्रीच इमारतीच्या ग्रुपवर टाकलं. मोठा निबंधच झाला. चौदा जणांनी वाचला. आज सकाळी एकच उत्तर आलं:

"ते ठीक आहे, पण खिडक्या उघडायच्या का?"

उंटावरून | शुक्रवार, दुपारी १२:२१

डबी काय म्हणतेय?

भिंगरी | शुक्रवार, दुपारी १२:२४

नऊ.